‘परीक्षण’ या शब्दाची अब्रू

पुस्तकाचे परीक्षण असते आणि लेख्यांचेही परीक्षणच असते. मराठीने या दोन कामांना एकच शब्द दिला हा आम्हाला निव्वळ योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे कुणीतरी काही लिहिलेले असते, ते इतरांच्या वतीने कुणाला तरी आधी वाचायचे असते आणि ज्यांना स्वतः पडताळून पाहणे शक्य नाही अशांना आपले मत सांगायचे असते. फरक परिणामांचा आहे. पुस्तकाचे परीक्षण बेजबाबदार झाले तर एखाद्या सुमार कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते. लेख्यांचे परीक्षण बेजबाबदार झाले तर काय होते ते देशाने ७ जानेवारी २००९ रोजी पाहिले. त्या दिवशी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्राने कळवले की कंपनीच्या हिशेबांत अनेक वर्षे खोटे आकडे घातले जात होते. शेअरची किंमत एका दिवसात तीनचतुर्थांशाहून अधिक कोसळली. (नावात ‘सत्य’ असलेल्या कंपनीवर तेव्हा इतक्या कोट्या झाल्या की आता तीत भर घालण्यात अर्थ नाही.)

त्या पत्रातील वाघावर स्वार झाल्याची उपमा सर्वांच्या लक्षात राहिली. वर्तमानपत्रांनी तिचे मथळे केले. एका गुन्ह्याच्या कबुलीकडे शोकांतिकेच्या नायकाचे स्वगत म्हणून पाहण्याची ही हौस आम्हा साहित्यवाल्यांना परिचित आहे आणि म्हणूनच ती आम्हाला संशयास्पद वाटते. पत्रातला खरा ऐवज उपमेत नसून सुरुवातीच्या आकड्यांत आहे. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँकेतील शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव रुपये काल्पनिक. या काल्पनिक ठेवींवर ३७६ कोटींचे काल्पनिक व्याजही येणे होते, आणि १,२३० कोटींचे देणे हिशेबात धरलेलेच नव्हते.

येथे क्षणभर थांबून नाहीशी वस्तू कोणती होती हे नीट पाहिले पाहिजे. ताळेबंदात काही गोष्टी स्वभावतःच धूसर असतात. कंपनीच्या नावलौकिकाची किंमत किती, यंत्राची झीज किती, येणे रकमेतील बुडीत किती, यांविषयी दोन प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतो. बँकेतील शिल्लक तशी नसते. ती आहे किंवा नाही. आणि ती आहे की नाही हे कळण्याचा मार्ग आर्टिकलशिप करणाऱ्या पोरालाही शिकवलेला असतो : ऑडिटरने बँकेला विचारायचे आणि बँकेने उत्तर थेट ऑडिटरकडे पाठवायचे. मधल्या कुणाचा त्याला हात लागता कामा नये. सगळे मर्म या ‘थेट’मध्ये आहे.

सत्यमचे लेखापरीक्षण २००० सालापासून प्राइस वॉटरहाउस करीत होते. सत्यमचे रोखे न्यूयॉर्कच्या बाजारातही असल्याने अमेरिकी नियामकाने चौकशी केली आणि एप्रिल २०११ मध्ये प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय शाखासंस्थांवर ६० लाख डॉलरचा दंड बसवला. लेखापरीक्षणावर देखरेख करणाऱ्या तिथल्या मंडळाने आणखी १५ लाख डॉलर वसूल केले. संस्थांनी आरोप मान्यही केले नाहीत आणि अमान्यही केले नाहीत. पण नियामकाचा निष्कर्ष प्रत्येक वाणिज्य विभागाच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. बँकांना पाठवायची पत्रे आणि त्यांची उत्तरे यांचा ताबा ऑडिटरांनी सर्रास सत्यमच्याच व्यवस्थापनाकडे सोडून दिला होता, आणि हा ढिलेपणा एकट्या सत्यमपुरता नव्हता. म्हणजे ज्याच्या हिशेबाची परीक्षा घ्यायची, त्याच्याच हाती प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका दिली गेली. सहा हजारांहून अधिक खोटी बिले तयार करून विक्री फुगवली गेली होती. एवढी बिले सापडणे कठीण होते असे कुणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. नमुन्याने तपासणी होते, सगळे कागद कुणीच पाहत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण पाच हजार कोटींची शिल्लक हा नमुना निवडताना निसटणारा कागद नव्हे.

याहूनही बोलकी गोष्ट त्या जानेवारीत घडली. राजूंच्या पत्रानंतर ऑडिटरांनी आधी सांगितले की आमचे काम मानकांनुसार आणि योग्य पुराव्यांवर आधारलेले होते. आठवडाभराच्या आतच त्यांनी कंपनीला कळवले की अध्यक्षांच्या पत्राचा मजकूर पाहता जून २००० ते सप्टेंबर २००८ या काळातील आमच्या अहवालांवर आता विसंबू नये. ही दोन्ही विधाने शेजारी ठेवून वाचावीत. अध्यक्षांच्या कागदांवरून हिशेब खरे मानले गेले आणि अध्यक्षांच्याच पत्रावरून ते खोटे मानले गेले. मधल्या साऱ्या वर्षांत परीक्षकाची स्वतंत्र नजर म्हणून काही होती याची खूण या व्यवहारात आम्हाला सापडत नाही. ‘ऑडिट’ हा शब्द लॅटिनमधील ऐकण्याच्या क्रियापदावरून आला आहे. जुन्या काळी हिशेब मोठ्याने वाचले जात आणि तपासणारा ते ऐकत असे. आपल्या ‘परीक्षणा’त सर्व बाजूंनी पाहणे आहे. येथे ऐकणे तेवढे झाले.

ऑडिटरांच्या बचावासाठी सव्वाशे वर्षे एक रूपक वापरले जाते, आणि रूपक म्हटल्यावर त्यावर बोलण्याचा आम्हाला थोडा अधिकार आहे. १८९६ साली इंग्लंडमध्ये किंग्स्टन कॉटन मिल या कंपनीचा खटला अपील न्यायालयापुढे आला. व्यवस्थापकाने मालाचा साठा फुगवून दाखवला होता आणि ऑडिटरांनी तो व्यवस्थापकाच्याच दाखल्यावरून खरा धरला होता. त्यांना दोषमुक्त करताना न्यायमूर्ती लोप्स म्हणाले की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. तेव्हापासून प्रत्येक घोटाळ्यानंतर हे वाक्य बाहेर येते. त्याच निर्णयात पुढे असेही आहे की संशयाला जागा दिसली तर ऑडिटरने तळापर्यंत गेले पाहिजे. हा उत्तरार्ध मात्र कुणाच्या तोंडी नसतो.

पण रूपकाचा मुख्य दोष निराळा आहे. राखणीचा कुत्रा परक्यावर भुंकतो. ज्याच्या हातून भाकर मिळते त्याच्यावर भुंकत नाही. कंपनी नावाच्या घराचे कायदेशीर मालक भागधारक असतात. व्यवस्थापन हे त्यांनी नेमलेले कारभारी. कागदोपत्री ऑडिटरची नेमणूकही भागधारकांची सभा करते. प्रत्यक्षात नाव सुचवणारे, फी ठरवणारे, चहा पाजणारे आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणारे कारभारीच असतात. मग चोर जर कारभारीच असला तर कुत्र्याने शेपूट हलवावी हे त्याच्या स्वभावाला धरूनच झाले! न्यायमूर्तींनी हे रूपक ऑडिटरवरचे ओझे हलके करण्यासाठी योजले. नीट वाचले तर ते ऑडिटरच्या परावलंबित्वाचे वर्णन ठरते.

दुसरी ढाल ‘मत’ या शब्दाची. ऑडिटर प्रमाणपत्र देत नाही, मत देतो, हिशेब ‘खरे व वाजवी’ चित्र दाखवतात एवढे त्याचे मत असते, असे आम्हाला समजावले जाते. साहित्याच्या वर्गात मताला मुभा असते हे खरे. तिथेही आम्ही विद्यार्थ्याला विचारतो की हे मत संहितेच्या कोणत्या ओळीवर उभे आहे. संहिता न उघडता दिलेले मत हे मत नसते. आणि ऑडिटरचे मत वाचून ज्याने आपली भविष्य निर्वाहातील शिल्लक शेअरमध्ये घातली, त्याला ते कबुलीजबाबाच्या विरुद्ध टोकाचे, सहीशिक्क्याचे विधान वाटले असेल तर दोष त्याचा नाही. सामान्यांच्या अपेक्षा आणि ऑडिटरचे काम यांत दरी आहे असे व्यावसायिक म्हणतात. ही दरी फी घेताना दिसत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो मुख्यतः अधिकारक्षेत्राच्या वादांचा आहे. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले. त्यांत प्राइस वॉटरहाउसचे दोन माजी भागीदार होते. पुढच्याच महिन्यात अपिलात शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला. सेबीने जानेवारी २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाउसच्या संस्थांना नोंदणीकृत कंपन्यांच्या लेखापरीक्षणास दोन वर्षे बंदी केली आणि १३ कोटींहून अधिक रक्कम व्याजासह परत करण्यास सांगितले. सप्टेंबर २०१९ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने बंदी रद्द केली : ऑडिटरला शिस्त लावणे हे सनदी लेखापालांच्या संस्थेचे काम, सेबीचे नव्हे. घोटाळा उघड होऊन तोवर दहा वर्षे झाली होती.

कायदा बदलला हे नमूद केले पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने एका संस्थेला सलग दहा वर्षांहून अधिक काळ त्याच कंपनीचे ऑडिट करण्यास मनाई केली आणि घोटाळ्याचा संशय आल्यास तो कळवणे ऑडिटरवर बंधनकारक केले. २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आले. पण त्याच वर्षी आयएल अँड एफएस कोसळली आणि एक नवीन पळवाट दिसली, ती राजीनाम्याची. प्रकरण अंगाशी येऊ लागले की ऑडिटर पायउतार होतो आणि म्हणतो की आता मी ऑडिटरच नाही, मला काढणार कोठून? मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा युक्तिवाद उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये तो फेटाळला आणि राजीनाम्याने चौकशी संपत नाही असे स्पष्ट केले. हा निर्णय आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने मौनालाही कृती मानले आहे.

मराठीच्या मास्तरांनी ताळेबंदात नाक खुपसू नये, असे काही मित्र म्हणतील. त्यांनी आपल्या विद्यापीठांतले परीक्षकांचे अहवाल एकदा काढून वाचावेत. मार्गदर्शकाने सुचवलेल्या यादीतून परीक्षक नेमला जातो आणि प्रबंध ‘मौलिक’ असून ‘ज्ञानात मोलाची भर’ घालतो असे दोन पानी मत येते. प्रबंध कुठलाही असो, वाक्ये तीच. ज्याची परीक्षा त्याच्याच गोटातून परीक्षक ही रीत आम्ही रोज पाहतो. म्हणूनच सत्यमच्या अहवालांची भाषा आम्हाला परकी वाटली नाही.

२०१८-१९ च्या हिशेबांपासून नोंदणीकृत कंपन्यांच्या अहवालांत ऑडिटरला आपल्या तपासणीतील प्रमुख बाबी निराळ्या मांडाव्या लागतात, त्यामुळे अहवाल लांबले आहेत. लांबीने आमचे समाधान होत नाही. त्यांत एका ओळीची भर घालावी, इतकेच आमचे मागणे आहे : बँकेतील शिल्लक कोणत्या बँकेला विचारली, कोणत्या तारखेला विचारली, आणि उत्तर कोणाच्या हातून आले.