एक डाव आणि तीन गडी राखून

खो-खोचा सामना कोणी ‘तीन गडी राखून’ जिंकत नाही. तो एक डाव आणि काही गुणांनी जिंकतात, नाहीतर नुसत्या गुणांनी, आणि फारच अटीतटीचा झाला तर एखादा गुण आणि काही मिनिटं राखून जिंकतात. गडी राखण्याची सोय क्रिकेटमध्ये. शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. तरीही आमच्या भागातल्या आकाशवाणी केंद्रावर रविवारी संध्याकाळी लागणाऱ्या क्रीडावृत्तात गेली तीस वर्षं खो-खोचे संघ एक डाव आणि तीन गडी राखून विजयी होत आले आहेत, आणि मी तो कार्यक्रम गेली तीस वर्षं नेमाने ऐकत आलो आहे. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ऐकलं आहे ते ओळखतीलच.

हे माझ्यासारख्या माणसाने सांगावं याचं घरच्यांना हसू येतं. माझी हयात बँकेत गेली. संगणक यायच्या आधीची बँक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की दिवसाची शिल्लक जुळल्याशिवाय तिथून कोणी उठत नसे. बारा रुपये चाळीस पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री साडेनऊपर्यंत लेजरं उलटीसुलटी केलेली आहेत. शेवटी फरक सापडायचा तो कुणीतरी ७९ चे ९७ लिहिले किंवा असाच काही घोळ केल्यामुळे. पुढे कादंबऱ्या लिहायला लागलो तेव्हा प्रकाशकाच्या मुद्रितशोधकालाही माझा जाच झाला. असा माणूस दर रविवारी चुकीच्या आकड्यांचं क्रीडावृत्त प्रेमाने ऐकतो, याचा खुलासा कुणी मागितला तर तो द्यायला हवा.

बरं, रेडिओवरचं चांगलं क्रीडानिवेदन काय असतं हे मला ठाऊक नाही, असंही नाही. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं धावतं समालोचन करत, तेव्हा आमच्या वाड्यातल्या ज्या आजीला बॅट कोणत्या हातात धरतात हे माहीत नव्हतं तीही भाजी निवडता निवडता ‘गेला का चौकार?’ असं विचारी. वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर कबड्डी-खो-खोला क्रिकेटच्या शेजारी मानाची जागा दिली, आणि मराठी समालोचनही केलं. या मंडळींचा कान लागलेल्या माणसाला आमच्या केंद्रावरचं वृत्त म्हणजे शास्त्रीय मैफलीनंतर लग्नातला बँड.

पण बँडशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही, त्याला काय करावं?

१९९४ च्या सुमारास त्या भागात शाखाधिकारी म्हणून बदली झाली आणि तिथेच हा कार्यक्रम पहिल्यांदा ऐकला. निवेदक एका हायस्कुलातले खेळाचे शिक्षक. आकाशवाणीच्या भाषेत नैमित्तिक, म्हणजे ड्यूटी लागेल तेवढ्यापुरतं मानधन. आवाज मैदानावर कवायत घेऊन घेऊन बसलेला. सुरुवातीला दोन मिनिटं देशविदेशाच्या बातम्या. त्या ते सकाळच्या वर्तमानपत्रातूनच घेत असावेत, कारण वर्तमानपत्रातली छपाईची चूकसुद्धा जशीच्या तशी वाचली जायची. त्यातली परदेशी टेनिसपटूंची नावं तर ते अशा धाडसाने उच्चारत की ती माणसं समोर असती तर त्यांनी वळूनही पाहिलं नसतं. ते संपलं, की सर घसा साफ करत (हेही ऐकू येई) आणि खरा कार्यक्रम सुरू होई.

अमुक गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती पाऊण तास चालून बरोबरीत सुटली. तमक्याने घिस्सा डावावर प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखवलं. आता पैलवान कुठल्या तालमीचा हे सांगायला हवं की नको? सर ते सांगत, शिवाय त्याचा चुलता कुणाबरोबर लढला होता आणि त्याच्या घरी म्हैस किती लिटर दूध देते तेही सांगत. मग तालुका पातळीवरची कबड्डी. कुणाच्या चढाईत तिघे बाद झाले, लोण कुणावर चढला, दिवे गेल्याने उत्तरार्ध ट्रॅक्टरच्या उजेडात कसा झाला. वेळ संपत आली की सर घाई करत, आणि मग गुण, गडी, डाव, धावा यांची खिचडी होई. एकदा तर कबड्डीचा संघ सात धावांनी हरला. मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो होतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या शाखेतल्या शिपाईमामांची मुलगी खो-खो खेळायची. जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने पहिल्या तुकडीत येऊन चांगली तीन मिनिटं पळती राखली. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली, त्यात तिचं नाव नव्हतं. रविवारी मामांनी ट्रान्झिस्टरला नवे सेल घातले आणि गल्लीतली दहाबारा माणसं ओट्यावर बोलावली. मलाही आग्रहाने नेलं. सरांनी तिचा खेळ छान सांगितला, हुलकावणी कशी दिली, खांबापाशी कशी वळली, सगळं. फक्त नाव दुसऱ्याच मुलीचं घेतलं.

मी चिडलो. त्या रात्रीच बँकेच्या वळणाचं पत्र लिहायला बसलो. गेल्या दोन महिन्यांतल्या चुका तारीखवार, अनुक्रमांक टाकून. अकरा निघाल्या. प्रत केंद्राच्या वरिष्ठांना. पत्र लिहून फार समाधान वाटलं हे कबूल केलं पाहिजे. इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहिणाऱ्यालाही वाटत असावं तसं.

परिणाम झाला. सरांना लेखी खुलासा विचारला गेला असं नंतर कळलं. पुढच्या रविवारी दिलगिरी व्यक्त झाली, मुलीचं नाव बरोबर घेतलं गेलं. आणि त्यानंतरच्या रविवारपासून कार्यक्रमात एकही चूक नव्हती, कारण कार्यक्रमात काही नव्हतंच. अधिकृत पत्रक हातात असल्याशिवाय बातमी घ्यायची नाही असं ठरलेलं. जत्रेची कुस्ती समिती पत्रक कुठून काढणार? पंधरा मिनिटं कसोटी सामने, ऑलिंपिक समिती आणि उरलेल्या वेळात एक चित्रपटगीत. असं तीन महिने चाललं.

मामांनी एकदा चहा ठेवता ठेवता विषय काढला. पत्र मी लिहिलं हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, ‘‘साहेब, नाव चुकलं होतं ते खरं. पण गावाचं नाव बरोबर घेतलं होतं ना. आता गावच येत नाही.’’

मला उत्तर सुचलं नाही. सुट्टी काढून केंद्रावर गेलो, सरांना भेटलो. त्यांना राग नव्हता, किंवा शिक्षकी सवयीने त्यांनी तो दाखवला नाही. म्हणाले, ‘‘चूक माझीच. तालुक्याहून फोन येतो, लाइन खरखरते, नावं ऐकू येतात तशी लिहितो. परत फोन करून खात्री करायची तर फोनचे पैसे माझ्या खिशातले.’’ मी दुसरं पत्र लिहिलं, या वेळी अनुक्रमांक न टाकता. त्या पत्राने झालं की आपोआप, ठाऊक नाही, पण जत्रा परत आल्या. गडी राखणंही परत आलं.

यावरून कुणी म्हणेल की चुका गोड मानून घ्याव्यात. मी तसं म्हणत नाही. मुलीचं नाव बरोबर यायलाच हवं होतं. तो तिचा हक्क होता आणि त्याची किंमत एका फोनची होती. माझी तक्रार वेगळी आहे. चूक दुरुस्त करण्यावर खर्च करायचा नसला, की ज्यात चूक होऊ शकते ते कामच बंद करण्याकडे आपल्या कचेऱ्यांचा ओढा असतो. बँकेतही आम्ही हेच केलं. लहान शेतकऱ्याच्या कर्जाची थकबाकी दिसायला नको म्हणून लहान शेतकऱ्याला कर्जच नको.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते कराडजवळच्या गोळेश्वर गावातून जाऊन. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडावं लागलं. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पदक आल्यावर या गावांकडे कॅमेरे धावतात. पदकाच्या आधीची दहा वर्षं, तालुक्याच्या मैदानावरची, कुणाच्या कानावर जातात? कबड्डीला २०१४ पासून लीग मिळाली, दिवे आले, पैसा आला, चांगलंच झालं. पण लीगचं समालोचन ट्रॅक्टरच्या उजेडातला सामना सांगायला येणार नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नाही.

म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय आला आणि ओरड झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली, तेव्हा सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर वाढलेल्या माझ्या पिढीला जे वाटलं ते केवळ जुन्याचा लळा नव्हता. मोठ्या केंद्रासाठी ओरडणारे लोक असतात. आमच्या क्रीडावृत्ताचे पंधराचे दहा मिनिटं झाले तेव्हा कुणी ओरडलं नाही. मीही नाही, एकदा पत्र लिहून हात पोळलेला होता. आता वाटतं, लिहायला हवं होतं.

सर निवृत्त झाले. आता त्यांचाच एक विद्यार्थी वृत्त देतो. त्याच्याकडे मोबाइल आहे, नावं खात्री करून घेतो, आणि परदेशी टेनिसपटूही आता ओळखू येतात. मला वाटलं होतं, संपला आपला कार्यक्रम. पण गेल्या रविवारी शेवटचं मिनिट उरलं, त्याचा आवाज चढला, आणि एका आश्रमशाळेच्या मुलींनी अंतिम सामना एक डाव आणि तीन गडी राखून जिंकला. मी उठून पोस्टकार्ड काढलं. गुण किती होते तेवढं विचारलं आहे, आणि त्या आश्रमशाळेचा पत्ता.