यंत्र मोजेल, वाचायचे कोणी?

मंडळी, यंदा गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभा असताना एका काकांनी मला विचारले, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस हे ठाऊक आहे रे, पण दिवसभर करतोस काय?" रांग पुढे सरकत होती, म्हणून "रिपोर्ट करतो" एवढे सांगून मी सुटलो. उरलेले उत्तर आज लिहितो आहे, कारण त्यात आपल्यापैकी अनेकांच्या नोकरीचा आणि खिशाचा प्रश्न आहे.

आमच्या कंपनीत 'ग्रोथ टीम' नावाचा विभाग आहे. नवे ग्राहक आणणे हे त्याचे काम. गूगल-फेसबुकवर जाहिराती द्यायच्या, ई-मेल पाठवायच्या आणि दर सोमवारी हिशोब मांडायचा: कुठे किती डॉलर गेले, किती ग्राहक आले, एक ग्राहक कितीला पडला. पूर्वी हा हिशोब आमच्या एक सहकारी बाई हाताने करत. चार ठिकाणचे आकडे एक्सेलमध्ये भरायचे, जुळवायचे, तक्ते काढायचे. रविवारची संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ त्यातच जाई.

मी त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. पहाटे पाचला तो सगळीकडून आकडे मागवतो, आमच्या विक्रीच्या नोंदींशी जोडतो आणि सहा वाजता रिपोर्ट सर्वांना पोहोचतो. साहेब खूश झाले. बाई कॉन्ट्रॅक्टवर होत्या. त्यांचे कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवले गेले नाही.

काही महिन्यांनी एका जाहिरात कंपनीकडून आकडे घेण्याची आमची परवानगी मुदत संपून बंद पडली. आकडे येईनात. माझ्या प्रोग्रॅमने रिकाम्या जागी शून्य भरले. म्हणजे खर्च शून्य, ग्राहक मात्र येतच होते! रिपोर्टात ग्राहक एकदम स्वस्त दिसू लागला. तीन सोमवार तो रिपोर्ट अगदी वेळेवर गेला, मीटिंगमध्ये कौतुक झाले आणि त्याच जाहिरातीचे बजेट वाढवण्यात आले. महिन्याचे बिल आले तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. आपल्याकडे म्हणतात ना, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसा प्रकार. चूक सर्वस्वी माझी होती. पण बाई असत्या तर पहिल्याच सोमवारी "हे शून्य कसे आले?" म्हणून त्यांचा फोन आला असता.

माझे वडील सहकारी बँकेत कारकून होते. संध्याकाळी रोकड आणि कीर्द यांचा मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जात नसे. दोन रुपयांचा फरक आला तरी सगळी माणसे थांबत. लहानपणी मला तो वेडेपणा वाटे. आता वाटते, ते दोन रुपयांसाठी थांबत नव्हते. जिथे दोन चुकतात तिथे दोन हजारही चुकू शकतात, म्हणून थांबत होते.

कोणी म्हणेल, तपासणीही यंत्रालाच सांगा. ते मी केले आहे. एखादा आकडा आठवड्यात फार हलला तर आता इशारा येतो. पण प्रत्येक आकडा बरोबर असूनही रिपोर्ट फसवू शकतो. २०१२ साली ईबे कंपनीने, 'ईबे' हेच नाव टाइप करून शोधणाऱ्यांना दाखवायच्या जाहिराती याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर बंद करून पाहिल्या. येणारे लोक जवळजवळ तेवढेच राहिले. ज्याला ईबेवरच जायचे होते, तो जाहिरातीखालच्या फुकटच्या दुव्यावरून गेला! रिपोर्टात मात्र अशी जाहिरात नेहमीच उत्तम दिसणार.

दुसरे उदाहरण २०१७ सालचे. जे. पी. मॉर्गन चेस बँकेच्या जाहिराती महिन्याभरात सुमारे ४ लाख वेबसाइटवर झळकत होत्या. त्यांपैकी फक्त १२ हजार ठिकाणी जाहिरात दिसण्यापलीकडे काही घडत होते. मग एका इंटर्नला बसवून त्या १२ हजार साइट एकेक करून उघडायला लावल्या. सुमारे ७ हजार बँकेच्या नावाला न शोभणाऱ्या निघाल्या. उरलेल्या ५ हजारांवरच जाहिराती ठेवल्या, तरी परिणामात फारसा फरक पडला नाही. इतक्या मोठ्या बँकेलाही शेवटी एका माणसाचे डोळे लागले.

तेव्हा माझे मत असे. मोजणी यंत्राकडे जरूर द्यावी. रविवारची संध्याकाळ तक्ते जुळवण्यात घालवून कोणाचे भले होत नाही, प्रकृतीचे तर नाहीच. पण तीन पथ्ये पाळावीत. एक, आकडा आला नाही तर रिपोर्टाने तसे स्वच्छ सांगावे. शून्य आणि 'माहीत नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन, जाहिरात कंपनीच्या आकड्यांचा आपल्या गल्ल्याशी मेळ घालावा. एकच गिऱ्हाईक गूगलही आपले म्हणते आणि फेसबुकही. दोघांची बेरीज केली तर कधी कधी प्रत्यक्ष विक्रीपेक्षा जास्त भरते. तीन, वाचलेल्या तासांतला निदान एक तास रिपोर्ट वाचायला ठेवावा आणि ज्याने वाचला त्याचे नाव खाली असावे.

आपल्यात डेंटल क्लिनिक, केटरिंग, डेकेअर चालवणारे अनेकजण आहेत. जाहिरातवाल्या एजन्सीकडून दर महिन्याला त्यांना रंगीत रिपोर्ट येतो. तो पाहून खूश होण्याआधी एक करावे: येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला "आमचे नाव कुठून कळले?" असे विचारून वहीत लिहावे आणि महिनाअखेर ती वही रिपोर्टाशेजारी ठेवावी. घरातही तेच. बिले आपोआप भरली जातात, ४०१(के) मध्ये पैसे आपोआप कापले जातात. स्टेटमेंट मात्र आपोआप वाचले जात नाही.

एच-वन-बीवरच्या तरुण मंडळींना एक सांगणे. नोकरी गेली तर नवी कंपनी शोधायला किंवा व्हिसाचा दर्जा बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आकडे इकडून तिकडे भरण्याचे काम कधी ना कधी जाणारच आहे. आकड्याला प्रश्न विचारणारा माणूस व्हा. ते काम अजून बरेच दिवस टिकेल.

मी साहेबांकडे रिपोर्ट वाचण्यासाठी एक माणूस मागितला आहे, आणि त्या बाईंचेच नाव सुचवले आहे. अजून होकार आलेला नाही. तोवर दर सोमवारी तासभर मीच वाचतो. आपले अनुभव मंडळाकडे जरूर कळवावेत.