चाळीत कांदा आणि डमी ‘देअर’

व्याकरणातली नावं मुलांकडून पाठ करून घ्यायला माझी ना नाही. पण नावच चुकीचं असेल तर ते त्यांच्या माथी मारू नये. ‘देअर आर ओनियन्स इन द मार्केट’ या वाक्यातल्या ‘देअर’चंच बघा. लासलगावात मी हायस्कूलच्या मुलांच्या शिकवण्या घेते. बहुतेकांच्या वहीत ‘देअर म्हणजे तिथे’ असं लिहिलेलं असतं, पुढे ‘क्रियाविशेषण’. मग ‘तिथे कांदे आहेत’ याचं इंग्रजी ‘देअर आर ओनियन्स देअर’ असं सांगितलं की लगेच प्रश्न येतो, ‘मॅडम, दोनदा तिथे कशाला?’

रास्त प्रश्न आहे. पहिल्या ‘देअर’ला जागेचा अर्थच नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा मोकळी ठेवता येत नाही, म्हणून ते तिथे आणून बसवलेलं आहे.

आणि त्याला नावं तरी किती! आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या रेन आणि मार्टिनच्या पुस्तकात ते वाक्याची नुसती सुरुवात करून देणारं क्रियाविशेषण. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने 1924 साली अशा वाक्यांना ‘एक्झिस्टेन्शियल’, म्हणजे अस्तित्व सांगणारी, म्हटलं. (रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. त्याच 1924 साली त्यांची ‘बो जेस्ट’ ही साहसकादंबरी आली. त्यांचा जीव व्याकरणापेक्षा तिकडेच रमत असावा.) क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या 1985 च्या जाडजूड व्याकरणात ‘देअर’ व्याकरणापुरता कर्ता आहे आणि ‘ओनियन्स’ अर्थाने कर्ता. हडलस्टन आणि पुलम यांनी 2002 मध्ये ‘देअर’ला सरळ डमी सर्वनाम ठरवलं. मला हेच पटतं. बाजार समितीच्या निवडणुकीत डमी अर्ज कशासाठी भरतात हे आमच्या मुलांना चांगलं ठाऊक असतं.

नावात काय आहे, असं म्हणून चालत नाही. ‘देअर’ कर्ता आहे एवढंच सांगितलं तर मुलगी ‘देअर इज थ्री ट्रॅक्टर्स’ लिहिते. तिच्या हिशेबाने बरोबरच आहे. क्रियापद मागून येणाऱ्या ट्रॅक्टरांकडे बघून ठरतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात आमच्याकडे कांदा कितीही क्विंटल आला तरी एकवचनीच. ‘आज कांदा लई आला.’ मग ‘देअर इज मच ओनियन’ लिहून मार्क जातो.

खरं तर ही वाक्यरचना आमच्या मुलांच्या घरातच आहे. उन्हाळ कांदा चाळीत साठवलेला असतो. व्यापारी विचारतो, ‘चाळीत कांदा आहे का?’ घरात आजी म्हणते, ‘कांदा चाळीतच आहे अजून.’ पहिल्या वाक्यात कांदा आहे की नाही हाच सवाल आहे. दुसऱ्यात कांदा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त ठिकाण सांगायचं आहे. आपण शब्दांचा क्रम फिरवून काम भागवतो. इंग्रजीत पहिल्याला ‘देअर’ लागतं, दुसऱ्याला ‘द ओनियन्स आर’ पुरतं. निफाड तालुक्यातलं पाचवीतलं पोर बोलताना हा फरक कधी चुकत नाही. मी ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते, तेव्हा ‘द’ कुठे लावायचा हेही त्यातच निम्मं उलगडतं.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, मराठी मध्ये आणू नका, हा आग्रहही तेव्हापासून ऐकते आहे. पण मराठी आणायची कुठून? ती मुलांच्या डोक्यात आधीपासूनच आहे. पाठ्यपुस्तकात या दोन मराठी वाक्यांना अर्धं पान द्यावं आणि ‘देअर’ला नाममात्र कर्ता म्हणावं. ते होईल तेव्हा होईल. तोवर पेपर काढणाऱ्यांनी निदान या ‘देअर’खाली रेघ मारून शब्दाची जात ओळखायला सांगू नये. मोठमोठ्या पंडितांचं जिथे एकमत नाही, तिथे एका मार्कासाठी आठवीच्या पोरांनी काय म्हणून निकाल द्यावा?