दुष्काळी माणसानं राफ्टमध्ये का बसावं

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात कुणालाही सांगून पाहा, की गाइड घेऊन, पैसे भरून, पाच-सात दिवस रबरी राफ्टमधून हिमालयातल्या नदीनं खाली उतरायला चाललोय. खर्चाचं नंतर निघतं. आधी टोमणा येतो: ‘इथं टँकरची वाट बघून डोळे गेले, अन् हे पाण्यात खेळायला हिमालयात निघाले!’

हा टोमणा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना पाण्यावरची मौज बोचणारच. पण बोचलं म्हणून तो युक्तिवाद खरा ठरत नाही. राफ्ट पाणी पीत नाही, अडवत नाही, वळवत नाही. ते वाहतच असतं, आपण त्यावर बसून जातो. पाण्याची चैन कुठं चालते हे शोधायचंच असेल तर आधी आपल्या लग्नांच्या मांडवाबाहेर अर्ध्या पिऊन फेकलेल्या बाटल्या मोजाव्यात.

आणि पाण्याचं राजकारण कळायलाही राफ्ट उपयोगी पडते. महाराष्ट्रात राफ्टिंग म्हटलं की कोलाड. तिथल्या कुंडलिकेत सकाळी राफ्टा निघतात त्या भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं म्हणून. ते पाणी मुळशी धरणाचं, म्हणजे मुळा नदीचं. स्वभावानं ते पूर्वेला भीमेत जायचं, उजनीकडे यायचं. टाटांनी ते घाटाखाली वळवलं. त्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते. देशावरचं पाणी कोकणात का आणि कसं पडतं, हे ज्याला लाटेवर बसल्यावर विचारावंसं वाटेल, तो पाण्याच्या हिशेबात आपल्यापेक्षा मागे राहणार नाही.

आता आपण नदी कितपत ओळखतो ते पाहू. लोहा तालुक्याच्या उत्तर हद्दीवर गोदावरी आहे, आत मन्याड आहे, मन्याडीवर लिंबोटीचं धरण आहे. आपली नदी म्हणजे विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्याचं थांबलेलं पाणी, नाहीतर वाळूचे हायवा ट्रक उतरतात तो कोरडा पट्टा. एस्टीतून पुलावर दोन मिनिटं दिसते ती, आणि अस्थी घेऊन घाटावर गेल्यावर दिसते ती. पावसाळ्यात आपण एकमेकांना विचारतो, ‘धरण किती टक्के?’ नदी कशी वाहतेय, हे कुणी विचारत नाही. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलैला उघडायचे आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे, हे 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ठरलं आहे. वाहण्याच्याही तारखा ठरलेल्या! साठा, टक्के, टीएमसी, दलघमी यांत आपण पटाईत आहोत. वाहणं मात्र आपल्या अनुभवातून जवळपास पुसलं गेलंय. म्हणून माझं म्हणणं असं, की सलग काही दिवस वाहत्या पाण्यावर काढण्याची गरज कोकणातल्या माणसापेक्षा मराठवाड्यातल्या माणसाला जास्त आहे.

सलग काही दिवस, यावर माझा भर आहे. ‘कोलाडला दोन तासांत होतं ते सात दिवस कशाला ओढायचं?’ असं विचारणाऱ्याला राफ्टिंग म्हणजे फक्त उसळी वाटते. उसळी दोन तासांत मिळते, नदी मिळत नाही. लडाखमधल्या झांस्कर नदीचं उदाहरण घ्या. पदुमच्या आसपास राफ्ट पाण्यात घालायची आणि निमूला, जिथं झांस्कर सिंधूला मिळते तिथं, बाहेर काढायची. सुरुवातीला पात्र पसरट, काठावर जवाची शेतं. मग डोंगर जवळ येत जातात आणि नदी अशा घळीत शिरते, की आभाळाची पट्टी तेवढी उरते. हिवाळ्यात हीच नदी गोठते आणि लोक तिच्यावरून चालत जातात, त्याला चादर म्हणतात.

पहिल्या दिवशी माणूस फक्त धास्तावलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला पाणी दिसायला लागतं: गुळगुळीत जिभेसारखी धार कुठं आहे, खडक पाण्याखाली कुठं दडलाय, मोठ्या दगडामागे पाणी उलटं वर कसं येतं. संध्याकाळी मुक्कामाला लागल्यावर गाइड पाण्याच्या कडेला दगड ठेवतो. वरच्या हिमनद्या दुपारी वितळतात, ते पाणी खाली पोचेपर्यंत रात्र होते. सकाळी तो दगड बुडालेला असतो. सूर्य, बर्फ, उतार आणि वेळ यांचा असा जिवंत हिशेब पाठ्यपुस्तकातल्या जलचक्राच्या चित्रात मला कधी सापडला नाही. एका दिवसाच्या सहलीत तो सापडणं शक्यच नाही, कारण त्याला निदान एक रात्र लागते.

आता गाइडचा मुद्दा. ‘आमची पोरं चाळीस फुटांच्या विहिरीत मुटका मारतात, त्यांना काय शिकवता?’ हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत घातकही. विहिरीचं पाणी जागेवर असतं. तिथं दम आणि हातपाय पुरतात. वाहत्या पाण्यात पडलेला पोहणारा आधी उभं राहायला बघतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. दगडांच्या फटीत पाय अडकला की मागून येणारं पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं, मग छातीभर पाणीही पुरतं. म्हणून पाठीवर पडायचं, पाय पुढे, बोटं वर, आणि वाहत जायचं. धारेत आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. तिथं मात्र पाठीवर राहायचं नाही, पालथं होऊन जोरानं बाजूला पोहायचं. हे विहिरीत कळत नाही. गाइड निघण्याआधी काठावर हे सगळं घोकून घेतो. पुढे कायक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, घेऊन एक जण जातो, पडलेल्याला उचलायला. फेकायची दोरी पिशवीत तयार असते. गाइडशिवाय जाण्यात मर्दुमकी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच गोदावरीवर 15 सप्टेंबर 2019 ला आंध्रात कच्चुलुरूजवळ काय झालं ते आठवावं. पूर असताना ‘रॉयल वसिष्ठ’ ही पर्यटकांची इंजिनबोट उलटली आणि कित्येक माणसं बुडाली. पापीकोंडलुचे डोंगर बघायला निघालेली ती घरची साधी माणसं होती. तिथं राफ्ट नव्हती, साहस नव्हतं. पुराच्या दिवशी ‘आज जायचं नाही’ असं म्हणून ते पाळणारा कुणी असता, तर ती वाचली असती. चांगल्या गाइडला आपण पैसे देतो ते मुख्यतः या नकारासाठी.

एक आक्षेप श्रद्धेचा आहे: नदी माय आहे, तिच्या छाताडावर बसून वल्ही मारता? मला हा आक्षेप आवडतो, कारण त्यात निदान नदीबद्दल काही भावना आहे. पण नदीच्या सोबत दिवसचे दिवस काढणं आपल्याला परकं कुठं आहे? नर्मदा परिक्रमेला मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या जातोय. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्याच वाटेवरची. परिक्रमेचा दंडक असा, की नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. राफ्टवाला तिच्या मधोमध जातो, हे खरं. पण नदी नेईल तिकडे, तिच्या गतीनं जाणं हा अनादर, आणि तिच्यात गटार सोडून काठावर आरती करणं हा आदर, हे मला समजत नाही.

पर्यावरणवाद्यांचा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. ऋषिकेशच्या वरच्या गंगेची वाळू तंबूंनी, शेकोट्यांनी आणि शौचाच्या खड्ड्यांनी भरून गेली होती. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्ये कौडियाला ते ऋषिकेश पट्ट्यातल्या नदीकाठच्या तंबूंवर बंदी आणली आणि 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं नियम होईपर्यंत राफ्टिंगच थांबवलं. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात. पण त्यातून निघतं ते इतकंच, की सहल कशी असू नये. अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनमध्ये राफ्टवाल्यांना माणसाची विष्ठासुद्धा डब्यात भरून बरोबर बाहेर आणावी लागते. तो नियम आपल्याकडे हवा. झांस्करच्या घळीला राफ्टपेक्षा मोठा पाहुणा आलाय: निमू-पदुम-दारचा रस्ता मार्च 2024 मध्ये जोडला गेला. डोंगर फोडणाऱ्या सुरुंगाला कुणी हौस म्हणत नाही, वल्ह्याला म्हणतात! रस्ता नको असं मी म्हणत नाही, हिवाळ्यात अडकलेल्या पदुमच्या माणसाला तो हवाच आहे. पण ती घळ जशी होती तशी पाहायचे दिवस संपत आलेत.

खर्चाचा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. झांस्कर महाग आहे, शेतमजुराला परवडणारं नाही. ज्यांना परवडतं, ज्यांच्या दारात दरवर्षी नवी गाडी येते, त्यांच्याशीच मी भांडतोय. नांदेडहून सचखंडनं दिल्ली गाठता येते, तिथून पुढं गंगा आहे, टोन्स आहे, काली आहे. पैसे देण्याआधी आयोजकाला विचारा: गाइड कोण, तो या नदीवर किती वर्षं आहे, सोबत कायक आहे का, पाणी वाढलं तर सहल रद्द होते का, घाण कुठं जाते. उत्तर देताना तो फोटो दाखवायला लागला तर दुसरा बघा.

आणि कुणी आपल्या गावातून दोघातिघांनाच पाठवायला तयार असेल, तर गोदावरीच्या घाटांवर बुडणाऱ्यांना ओढून काढणाऱ्या पोरांना आधी पाठवावं. प्रेतंही तीच काढतात, पुरात पहिली हाक त्यांनाच जाते, आणि बहुतेकांची विद्या विहिरीतलीच. पणजीला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथं जीवरक्षकांचं प्रशिक्षण मिळतं. ते घेऊन त्यांनी आठवडाभर गंगेवर चांगल्या गाइडच्या हाताखाली वल्हं मारावं. खर्च नगरपालिकेनं करावा की जिल्हा परिषदेनं, यावर भांडायला मी तयार आहे.