कालबाह्य कोणी ठरवायचे?

चंद्रपूरहून मोहर्लीला जाताना दुर्गापूरच्या परिसरात महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. पुढे पद्मापूर, आगरझरी आणि मग ताडोब्याचे जंगल. मोहर्लीजवळ जे विस्तीर्ण पाणी दिसते ते इरई धरणाचे, आणि याच धरणातून वीज केंद्राला पाणी मिळते. पर्यटकांचे लक्ष वाघाकडे असते, हे स्वाभाविकच आहे. आम्ही मात्र या रस्त्याने जाताना गेली काही वर्षे एका शब्दाचा विचार करीत आलो आहोत. तो शब्द म्हणजे ‘कालबाह्य’.

आम्ही मराठीचे अध्यापक. यंत्रांशी आमचा परिचय विद्यार्थ्यांमार्फत झालेला. या जिल्ह्यात कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद यांवर घरे चालतात. त्यामुळे वर्गातील अनेकांचे वडील कोठल्या ना कोठल्या कारखान्यात असतात. अशाच एका विद्यार्थ्याचे वडील एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झाले. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी. एका जुन्या पीएलसीचे, म्हणजे यंत्रांना क्रमाने चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाचे, एक कार्ड निकामी झाले. मूळ उत्पादकाने ते बनविणे केव्हाच थांबविले होते. निविदा निघाली, सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाली, ‘नवे’ कार्ड आले आणि आठवड्याभरात बंद पडले. अखेर या गृहस्थांनी भंगारातील दोन मृत कार्डांचे चांगले भाग एकत्र करून तिसरे जिवंत केले. ते निवृत्त झाले, तेव्हा ही विद्याही त्यांच्याबरोबर घरी गेली.

साहित्यविचारात आपण एखाद्या कवीला कालबाह्य म्हणतो, तेव्हा तो निर्णय वाचकांच्या पिढ्यांनी दिलेला असतो आणि तो फिरविताही येतो. कारखान्यात तसे नसते. तेथे उत्पादकाचे एक पत्र येते: अमुक तारखेनंतर हा भाग विकला जाणार नाही, तमुक वर्षापर्यंत दुरुस्ती मिळेल. पॅनेलमधील कार्ड त्या दिवशीही बिनतक्रार काम करीत असते. म्हणजे येथे कालबाह्यता हा वस्तूचा गुण नसून व्यवहारातील एका पक्षाचा निर्णय असतो.

या अडचणीचे मूळ दोन आयुष्यांच्या विजोडपणात आहे. बॉयलर आणि टर्बाइन तीस-तीस वर्षे चालतात. त्यांना चालविणारी इलेक्ट्रॉनिक चिप काही वर्षांतच बाजारातून जाते. सिमेन्सची सिमॅटिक एस-५ ही मालिका १९७९ साली आली आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास तिची जागा एस-७ने घेतली. चंद्रपूरच्या वीज केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच १९८३ सालचा. १९९७पर्यंत सात संच मिळून क्षमता २३४० मेगावॉट झाली. पुढे पहिले दोन संच निवृत्त झाले आणि २०१६ साली आठवा व नववा संच आला. एकाच आवारात तेहेतीस वर्षांच्या अंतराने उभी राहिलेली यंत्रे सांभाळायची म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

ही चिंता केवळ आपल्या जिल्ह्याची आहे असेही नाही. २००२ साली अमेरिकेची नासा ही संस्था अंतराळयानाच्या बूस्टरच्या तपासणी-उपकरणांसाठी इंटेलच्या ८०८६ या जुन्या चिप ईबेवर शोधीत होती. चंद्रावर माणूस उतरविणाऱ्यांवर जुन्या बाजारात फिरण्याची वेळ आली, तेथे आमच्या कारखान्यांनी लॅमिंग्टन रोड धुंडाळला तर नवल काय?

परंतु जुन्या बाजाराला धोका आहे. टाकाऊ सर्किट तापवून त्यातील चिप काढायच्या, अंगावरचे मूळ छाप घासून टाकायचे आणि नवा क्रमांक छापून त्या विकायच्या, हा जगभर चालणारा धंदा आहे. अमेरिकी सिनेटच्या संरक्षणविषयक समितीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुमारे १८०० प्रकरणे आणि दहा लाखांहून अधिक संशयास्पद भाग नोंदविले होते. बॉयलरमधील ज्योत विझली की इंधन तत्काळ बंद करणारी यंत्रणा अशाच कार्डांवर चालते. तेथे खोटा भाग बसला, तर प्रश्न खर्चाचा राहत नाही. तो बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचा होतो. सर्वांत स्वस्त तेच घ्यावे हा नियम बाके आणि खडू यांच्यासाठी ठीक आहे. जुन्या नियंत्रण-भागांच्या बाबतीत तो भाग कोणाकडून कोणाकडे आला, त्याची चाचणी कोणी व कशी केली, हे दराच्या आधी विचारले पाहिजे.

मग सगळेच नवे का घेऊ नये, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य आहे, पण अर्धाच. जुने म्हणून जपावे असे आमचे म्हणणे नाही. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती २०१४ साली थांबली. त्यावर चालणारा संगणक नियंत्रण-कक्षात ठेवणे ही निष्ठा नव्हे, निष्काळजीपणा होय. मात्र बदल आपण ठरवून, नियोजित बंदच्या काळात करणे वेगळे, आणि कार्ड जळाल्यावर मध्यरात्री अगतिक होऊन करणे वेगळे. शिवाय नवा नियंत्रक बसविण्यासाठीही जुना काय करीत होता हे ठाऊक असावे लागते. कित्येक जुन्या नियंत्रकांतील प्रोग्रॅम एका छोट्या बॅटरीच्या आधाराने स्मृतीत टिकलेला असतो. बॅटरी संपली आणि प्रत नसली, तर कार्ड शाबूत राहूनही त्यातील ज्ञान पुसले जाते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, भागापूर्वी ज्ञान कालबाह्य होते, आणि ते होऊ देणारे आपण असतो. त्यावरील उपाय खरेदीच्या दिवशीच सुरू होतो. आरेखने, प्रोग्रॅमची प्रत, परवलीचे शब्द आणि उत्पादन थांबविण्याआधी लेखी सूचना, या गोष्टी करारात मागून घ्याव्यात. कालबाह्यतेच्या व्यवस्थापनासाठी आयईसी ६२४०२ हे आंतरराष्ट्रीय मानक २००७पासून आहे. तेव्हा ही मागणी जगावेगळी नाही. जेथे एकसारख्या संचांपैकी काही बंद होतात, तेथे त्यांची नियंत्रण-कार्डे भंगाराच्या लिलावात वजनावर विकण्याऐवजी तपासून, नोंदवून चालू संचांसाठी राखावीत. त्या भागांचा इतिहास तरी आपल्याला ठाऊक असतो.

शेवटचा मुद्दा आमच्या विषयाचा आहे. यंत्राची पुस्तिका इंग्रजीत वा जर्मनमध्ये असते. पण पावसाळ्यात कोणता रिले चिकटतो, कोणते टर्मिनल दर सहा महिन्यांनी आवळावे लागते, हे ज्ञान मराठीत, आणि तेही केवळ बोलण्यात असते. आपण शेतकऱ्यांच्या म्हणी आणि जात्यावरच्या ओव्या जमविल्या. तंत्रज्ञांचे हे बोल जमवावेत असे मराठी विभागांना कधी वाटले नाही. आम्हीही त्या दोषातून मुक्त नाही. त्या निवृत्त गृहस्थांकडे वही घेऊन बसायचे आम्ही ठरविले आहे. त्यांनी होकार दिला. फक्त एक अट घातली, की लिहिलेले आधी कारखान्यातील पोरांना वाचायला द्यायचे.