प्रत ठेवणे हे कोणाचे काम?

सरकारी कार्यालयांत एक वाक्य फार जुने आहे : "फाईल सापडत नाही." संगणक आले तेव्हा हे वाक्य आपोआप नाहीसे होईल अशी पुष्कळांची समजूत होती. प्रत्यक्षात ते फक्त "डेटा रिकव्हर होत नाही" असे नवे रूप घेऊन आले. पूर्वी निदान फाईल ज्याच्या टेबलावरून हरवली त्याचे नाव ठाऊक असे. आता सर्व्हर, एजन्सी आणि कंत्राट यांच्या गर्दीत जबाबदार माणूसच सापडत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की हा प्रश्न मूलतः तंत्रज्ञानाचा नाही, प्रशासनाचा आहे. साठवणुकीची यंत्रे आपण विकत घेतो, पण जपणुकीचे काम कोणाच्याही नावावर लिहीत नाही.

हे मत कुंभकोणमला कामानिमित्त जाणे-येणे वाढल्यावर अधिक पक्के झाले. हे गाव तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे, आणि १७९९ पर्यंत ते तंजावरच्या भोसले राजांच्या मुलुखात होते. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपणीचे घर येथील सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर आहे. त्यांच्या कागदपत्रांचा इतिहास प्रत्येक कार्यालयप्रमुखाने वाचावा असा आहे.

रामानुजन यांच्या तीन वह्या प्रसिद्ध आहेत. पहिल्या वहीतील मजकूर त्यांनी स्वतःच वाढवून दुसऱ्या वहीत उतरवला. पुढे मद्रास विद्यापीठाने वह्यांची हस्तलिखित नक्कल करवून घेतली. १९५७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वह्यांच्या छायाप्रती दोन खंडांत छापल्या. या वह्या आता नष्ट होणे जवळजवळ अशक्य आहे, कारण त्या एका ठिकाणी नाहीत.

आता त्याच माणसाच्या दुसऱ्या कागदांची गोष्ट पाहा. १९१९ मध्ये आजारी अवस्थेत इंग्लंडहून परतल्यापासून २६ एप्रिल १९२० रोजी मृत्यू होईपर्यंत रामानुजन लिहीत होते. त्यांतील काही महिने ते कुंभकोणमलाच होते. या सुट्या पानांची दुसरी प्रत नव्हती. ती १९२३ मध्ये मद्रास विद्यापीठातून केंब्रिजच्या हार्डींकडे गेली आणि त्यांच्याकडून पुढे गणितज्ञ वॉटसन यांच्याकडे, असे मानले जाते. १९६५ मध्ये वॉटसन वारले तेव्हा त्यांच्या अभ्यासिकेत कागदांचा ढीग जाळण्यासाठी पडून होता. भेटीला आलेल्या एका परिचित गणितज्ञाने तो चाळला, म्हणून ही पाने वाचली. १९६८ मध्ये ती ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात पोचली आणि १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांच्या नजरेस पडली. शंभरावर पाने आणि सहाशेहून अधिक सूत्रे छप्पन्न वर्षे जगापासून दूर राहिली. यात कोणी चोरी केली नाही, कोणाचा हेतू वाईट नव्हता. ज्यांच्या हाती पाने गेली ते सर्व विद्वान व सज्जन होते. फक्त प्रत एकच होती, आणि ती कोणाकडे आहे याची नोंद ठेवणे हे कोणाचेही काम नव्हते.

कार्यालयीन संकेतस्थळांची स्थिती आज नेमकी अशीच आहे. माझ्या पाहण्यातील एक उदाहरण देतो. एका दुय्यम कार्यालयाचे संकेतस्थळ बाहेरच्या एजन्सीने तयार केले होते. अर्जांचे नमुने, आदेश, निविदा, निवृत्तिवेतनधारकांचे तक्रार अर्ज असे सर्व त्यावर होते. कंत्राट संपले. नव्या एजन्सीने मूळ सोर्स कोड मागितला, तेव्हा जुन्या एजन्सीचे उत्तर आले की सीडी हस्तांतरित केली आहे. साठा नोंदवहीत सीडीची नोंद होती, सहीही होती, पण सीडी उघडत नव्हती. त्यानंतर काही आठवड्यांत सर्व्हरची डिस्क बिघडली. बॅकअप होता, परंतु तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात!

मग शोधाशोध सुरू झाली. संकेतस्थळाची उघडी पाने इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या नोंदींतून मिळाली. आदेशांच्या पीडीएफ एका वरिष्ठ लिपिकाने स्वतःच्या सवयीने पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या, त्या मिळाल्या. तक्रार अर्जांचा डेटाबेस मात्र गेला तो गेलाच. अनेक वृद्धांना तेच कागद जमवून, बस बदलत येऊन पुन्हा अर्ज करावा लागला. अहवालात कारण लिहिले गेले, "तांत्रिक बिघाड". जबाबदारी कोणावरच निश्चित झाली नाही.

अशा वेळी काय परत मिळते आणि काय मिळत नाही, हे अधिकाऱ्यांनीही समजून घ्यावे. पुसलेली फाईल साध्या हार्डडिस्कवर लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी धरली जाते आणि त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत ती परत मिळण्याची शक्यता असते. म्हणून प्रथम ते यंत्र वापरणे बंद करावे. आपल्याकडे नेमके उलट होते : घाबरून त्याच यंत्रावर नवनवी सॉफ्टवेअर टाकली जातात आणि उरलेली आशाही संपते. नव्या एसएसडी डिस्कवर ही सवलत फारशी नसते, कारण मोकळी जागा ती स्वतःहून साफ करून टाकते. इंटरनेट अर्काइव्हमधून मिळते ते वाचकाला दिसलेले पान. त्यामागचा कोड आणि डेटाबेस तेथे नसतो.

आता कोणी म्हणेल की पूर्वीही फायली हरवत होत्याच. खरे आहे. पण जुन्या कार्यपद्धतीत एक शहाणपण होते, ते आपण न ओळखताच टाकून दिले. महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय घ्या. शेवटी "प्रत" म्हणून विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, महालेखापाल अशी लांबलचक यादी असते आणि तळाशी "निवड नस्ती" असते. ही यादी केवळ शिष्टाचार नव्हती, अनेक गावांत पसरलेला बॅकअप होता. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून वरचे मजले जळाले, तेव्हा जिल्ह्यांत आणि दुय्यम कार्यालयांत असलेल्या अशाच प्रतींवरून जळालेल्या फायली पुन्हा उभ्या कराव्या लागल्या.

संगणकीकरणाने ही यादी निरर्थक केली. सर्वांना एकच लिंक मिळते, आणि लिंक म्हणजे प्रत नव्हे. या वाटेच्या शेवटी काय आहे ते दक्षिण कोरियाने पाहिले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा केंद्रात बॅटरीमुळे आग लागली. सुमारे साडेसात लाख कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा असल्यामुळे त्याचा बाहेर बॅकअप नव्हता, असे कारण दिले गेले. जगातील अत्यंत प्रगत संगणकीय शासनाची ही कथा आहे. तेव्हा "आमचे सर्व क्लाउडवर आहे" हे उत्तर मला पटत नाही. क्लाउड म्हणजे शेवटी कोणाच्या तरी इमारतीतील यंत्र.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यामागचे कारण सोपे आहे. सर्व्हरची खरेदी हा भांडवली खर्च आहे. त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र येते. जपणूक हा आवर्ती खर्च आहे आणि त्याचे यश म्हणजे काहीही न घडणे. बॅकअपवरची बचत कार्यालयाच्या खाती जमा होते आणि माहिती गेल्याचा तोटा नागरिकाच्या खाती पडतो. जेथे वाचवणारा एक आणि भोगणारा दुसरा, तेथे निष्काळजीपणाच स्वस्त ठरतो. ताडपत्राच्या काळीही नियम हाच होता. पाने जीर्ण होण्यापूर्वी पुन्हा उतरवावी लागत, आणि उतरवणाऱ्याचे पोट चालणे बंद झाले की ग्रंथही बंद होत. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात १८८० पासून शिकवणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांना 'जीवक चिंतामणी' हे तमिळ महाकाव्य १८८७ मध्ये छापण्यासाठी ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवून ताडून पाहाव्या लागल्या. प्रती विखुरलेल्या होत्या म्हणूनच ते शक्य झाले.

कायद्याकडे बोट दाखवून सुटका नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात संगणकावर तयार झालेली सामग्रीही अभिलेख मानली आहे. प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा आणि अभिलेख अनधिकृतपणे नष्ट झाल्यास त्याने तो परत मिळवण्याची कारवाई करावी, असेही त्यात आहे. नियमबाह्य नाशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण हलगर्जीने हरवू देणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा नाही. जाळणारा गुन्हेगार आणि जळू देणारा दुर्दैवी, असा हा हिशेब आहे!

तरीही आहे त्या चौकटीत पुढील गोष्टी उद्यापासून करता येतील.

१) बॅकअपसाठी पदनाम नव्हे, नाव लिहिलेला अधिकारी असावा. बदलीच्या वेळी कार्यभारासोबत प्रतींची यादी हस्तांतरित व्हावी.

२) तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी, हा जगन्मान्य नियम पाळावा.

३) सोर्स कोड, डेटाबेस आणि मूळ आराखडे कार्यालयाच्या ताब्यात येऊन दुसऱ्या यंत्रावर संकेतस्थळ चालवून दाखवल्याशिवाय एजन्सीचे अंतिम देयक मंजूर करू नये.

४) दर तिमाहीस प्रतीवरून माहिती परत उभी करून पाहावी. २०१७ च्या जानेवारीत गिटलॅब या कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कागदावर पाच व्यवस्था होत्या आणि त्यांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. सहा तासांपूर्वी सहज काढलेल्या एका प्रतीने वेळ निभावली. परत उभी करून न पाहिलेली प्रत म्हणजे केवळ श्रद्धा.

५) लेखापरीक्षणात सर्व्हर मोजतात, तशा या चाचण्याही मोजाव्यात.

६) मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमाल शाबूत आहेत, पण वाचणारे थोडे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटांतील आपल्या फायलींचेही तेच होत आहे. फाईल आहे, पण अक्षरे उमटत नाहीत.

शेवटी महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी. आपल्या मंडळांची संकेतस्थळे बहुधा एखाद्या उत्साही चिटणीसाच्या ईमेलवर आणि त्याच्याच क्रेडिट कार्डावर चालतात. त्याची बदली झाली किंवा डोमेनचे शुल्क चुकले की वीस वर्षांच्या स्मरणिका, गणेशोत्सवाची छायाचित्रे, सभासदांच्या नोंदी सर्व एका दिवसात जातात. शासन सुधारण्याची वाट पाहण्याची येथे गरज नाही. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एकच विषय घ्यावा : आपल्या प्रती किती, कोठे, आणि कोणाच्या नावावर? उत्तरात एकाच माणसाचे नाव आले, तर ती प्रत नाही असे समजून त्याच दिवशी दुसरी काढावी.