पाळीतील वेदना सोसण्यासाठी नसतात

‘बाईच्या जन्माला हे दुखणे असायचेच, डॉक्टर.’ काही वर्षांपूर्वी महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीला घेऊन आलेल्या एका आजींचे हे उद्गार. पाळीचे दोन-तीन दिवस ती मुलगी अंथरुणातून उठू शकत नसे. मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि विषय तेथेच संपला. लग्नानंतर चार वर्षांनी तीच मुलगी मूल होत नाही म्हणून पुन्हा आली. पतीची वीर्यतपासणी निर्दोष होती. सोनोग्राफीत मात्र तिच्या डाव्या बीजकोषात ५ सेंटिमीटरची ‘चॉकलेट सिस्ट’ दिसली. दुखणे जुनेच होते, ओळखण्यास उशीर झाला होता. त्यात माझाही वाटा होता.

या विकाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी यात गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोष, गर्भनलिका, ओटीपोटाचे आवरण, क्वचित आतडे वा मूत्राशयावर वाढतात. पाळीच्या वेळी तेथेही रक्तस्राव होतो. परंतु त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. परिणामी दाह होतो व अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोषात साठलेले जुने रक्त घट्ट आणि तपकिरी होते, म्हणून ते ‘चॉकलेट’ नाव. नलिका वाकल्या वा चिकटल्या, की बीज आणि शुक्रजंतू यांची भेट अवघड होते. जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. त्यांपैकी अनेकींना मूल होते. काहींना मात्र वेदनाही नसतात आणि मूल न होणे हीच पहिली खूण ठरते. सोनोग्राफी निर्दोष आली, तरी विकार नाहीच असे म्हणता येत नाही.

गोळ्यांनी वेदना आटोक्यात राहतात. पण संप्रेरकांच्या गोळ्या चालू असताना सहसा गर्भधारणा होत नाही. म्हणून मूल हवे असल्यास निवडक रुग्णांत दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात. भूल देऊन, पोटावरील लहान छेदांतून सिस्टचे आवरण सोलून काढतात, चिकटलेले भाग मोकळे करतात आणि नलिका तपासतात. विकार सौम्य असेल तर त्यानंतर नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढते. मात्र सिस्ट काढताना बीजकोषातील काही बीजेही कमी होऊ शकतात. त्यामुळे आधी एएमएच ही रक्ततपासणी करावी. वय अधिक असेल किंवा बीजांचा साठा कमी असेल, तर थेट आयव्हीएफचा सल्ला योग्य ठरू शकतो. विकार पुन्हा उद्भवू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘लग्न झाले की थांबेल’, ‘एक मूल झाले की बरे होईल’ हे उपचार नव्हेत. पाळीमुळे शाळा बुडत असेल, गोळीने उतार पडत नसेल, शौचाच्या वेळी वा पतिपत्नीसंबंधात वेदना होत असतील, तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे. मूल होत नसेल, तर सुनेला बोल न लावता पतिपत्नी दोघांचीही तपासणी करावी. वर्षभर वाट पाहणे सर्वसाधारणपणे ठीक. पण पस्तिशीनंतर सहा महिन्यांपेक्षा अधिक थांबू नये.

शस्त्रक्रियेनंतर त्या मुलीच्या वेदना पुष्कळ कमी झाल्या आणि पुढे तिला दिवसही गेले. मला अधिक समाधान दिले ते आजींनी. गेल्या वर्षी धाकट्या नातीला घेऊन त्या स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, ‘हिचे पोट दुखते. या वेळी नुसत्या गोळ्या नकोत, नीट तपासा.’